सुरुंगाचा धोका ऐकू येतो, धुळीचा येत नाही

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या सहलीबरोबर मी पाणीपुरवठ्याच्या एका बोगद्याचे काम पाहायला गेलो होतो. आत उतरण्याची परवानगी अर्थातच नव्हती. जमिनीत खोल नेलेल्या उभ्या विहिरीला शाफ्ट म्हणतात. त्या शाफ्टपासून बऱ्याच अंतरावर आम्हांला उभे केले होते. ठरल्या वेळी भोंगा झाला. लाल निशाणे घेतलेली माणसे वाटा अडवून उभी राहिली. कामगारांची मोजदाद झाली, पुन्हा भोंगा झाला आणि पायांखालची जमीन थरथरली. खोलवरून धडधड आवाज आला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

सुरुंग भरून आधीच वर आलेले ड्रिलवाले कामगार जवळच एका पिंपाशी तोंड धूत होते. त्यांच्या भुवया, पापण्या आणि कानांच्या पाळ्या पांढुरक्या झाल्या होत्या. सहावीतल्या एका मुलाने त्यांतल्या एकाला विचारले, "काका, तुम्ही पिठाच्या गिरणीत काम करता का?" बाकीची मुले हसली. बाईंनी त्याला गप्प केले. तो कामगार मात्र हसून म्हणाला, "गिरणीच आहे रे बाळा, पण दगडाची."

शाळेत परतल्यावर मुलांनी सहलीवर निबंध लिहिले. मी ते वाचले. जवळजवळ प्रत्येकाने सुरुंगाचे वर्णन केले होते. त्या पांढऱ्या भुवयांबद्दल एकानेही लिहिले नव्हते. मला वाटते, त्या दिवशी सर्वांत शास्त्रीय प्रश्न त्या सहावीतल्या मुलानेच विचारला होता आणि आपण मोठ्या माणसांनी तो हसण्यावारी नेला. या लेखात तोच प्रश्न पुन्हा घ्यायचा आहे.

पाण्यासाठी बोगदा कशाला?

शहर वाढले की जवळच्या तळ्याविहिरींचे पाणी पुरत नाही. मग दूरच्या डोंगरांत धरणे बांधून पाणी आणावे लागते. वाटेत डोंगर आला की त्यातून बोगदा काढावा लागतो. शहरात तर वर इमारती आणि रस्ते असतात, त्यांच्याखाली तारा, गटारे आणि नळ असतात. मोठी जलवाहिनी टाकायला जागाच उरत नाही. म्हणून ती कातळात खोल उतरवतात. मुंबईच्या पोटातून असे जलबोगदे गेले आहेत. गुंदवलीपासून भांडुपपर्यंतचा बोगदा सुमारे १५ किलोमीटर लांबीचा आहे.

या बाबतीत न्यूयॉर्क शहराचा इतिहास पाहण्यासारखा आहे. त्या शहराचा पहिला जलबोगदा १९१७ मध्ये सुरू झाला आणि दुसरा १९३६ मध्ये. हे दोन्ही कातळात भोके पाडून, सुरुंग लावून खणलेले होते. पुढे असे लक्षात आले की हे बोगदे बंद करून आत उतरून तपासता येत नाहीत, कारण एक बंद केला तर त्याचे काम करायला दुसरी वाट नाही. म्हणून १९७० मध्ये तिसऱ्या बोगद्याचे काम सुरू झाले. त्याचा २१ किलोमीटरचा पहिला टप्पा १९९८ मध्ये वापरात आला. मॅनहॅटन भागातला टप्पा २०१३ मध्ये सुरू झाला. पहिल्या टप्प्याचे खोदकाम मुख्यतः सुरुंगांनी झाले, नंतरच्या टप्प्यांत बोगदा कोरणारी यंत्रे आली.

या तिसऱ्या बोगद्याच्या कामावर झालेल्या अपघातांत २४ माणसे मरण पावली. हा आकडा नोंदलेला आहे आणि त्याची आठवण ठेवली जाते, हे योग्यच आहे. पण हा आकडा अपघातांचा आहे. बोगद्यात काम केलेला एखादा माणूस वीस वर्षांनी घरी अंथरुणावर धाप लागून मरण पावला, तर तो अशा यादीत येत नाही. माझे म्हणणे या न लिहिल्या जाणाऱ्या यादीविषयी आहे.

कातळात वाट कशी काढतात?

कातळ दाबाला फार चिवट असतो, ताणाला मात्र त्या मानाने बराच कमकुवत असतो. सुरुंगाचे सारे शास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे. कातळाच्या भिंतीत ड्रिलने लांब, बारीक भोके पाडतात. त्यांत स्फोटक आणि डिटोनेटर ठेवतात. स्फोट होताच क्षणार्धात प्रचंड दाबाचा वायू तयार होतो आणि कातळ आतून ताणला जाऊन तडकतो.

पण तडकलेला दगड कुठे जाणार? त्याला सरकायला मोकळी जागा हवी. म्हणून सगळे बार एकदम उडवत नाहीत. आधी भिंतीच्या मधल्या भागातले बार उडतात आणि तिथे पोकळी होते. मग तिच्याभोवतीचे, मग त्यांच्या बाहेरचे आणि शेवटी कडेचे बार उडतात. दोन बारांमध्ये सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजण्याइतकेच अंतर असू शकते. आपल्याला एकच लांबट गडगडाट ऐकू येतो, पण त्यात एक शिस्तबद्ध क्रम असतो. कडेच्या भोकांत स्फोटक कमी भरतात, म्हणजे बोगद्याची भिंत फार तडकत नाही.

स्फोटानंतर पंख्यांनी विषारी वायू बाहेर काढावे लागतात. त्यांत कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडे असतात. मग जाणकार माणूस आत जाऊन न उडालेला बार राहिला आहे का ते पाहतो. लोंबकळणारे दगड पहारीने पाडतात, राडारोडा भरून बाहेर काढतात, छताला आधार देतात आणि पुन्हा ड्रिल लावतात. शाफ्टमध्येही हेच चक्र असते. फक्त तिथे भिंतीऐवजी पायाखालच्या तळाला भोके पाडायची आणि दगड मोठ्या बादल्यांतून वर ओढायचा.

चारशे किलो पीठ

आता आपण थोडे गणित करू. समजा, बोगद्याचा व्यास ४ मीटर आहे. त्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे १२.५ चौरस मीटर होईल. समजा, त्यात प्रत्येकी अडीच मीटर खोल अशी ५० भोके पाडली. एकूण १२५ मीटर भोके झाली. भोकाचा व्यास ४ सेंटीमीटर धरला, तर एक मीटर भोकातून सव्वा लिटर दगड निघतो. १२५ मीटरांतून सुमारे १५७ लिटर. दगडाची घनता पाण्याच्या २.७ पट धरली, तर हे वजन ४०० किलोंहून थोडे जास्त भरते.

स्फोटाने दगडाचे तुकडे होतात. भोकांतल्या दगडाचे मात्र तुकडे नव्हे, पीठ होते. म्हणजे एका फेरीत पाऊणशे टन दगड फोडण्यासाठी आधी चारशे किलो दगड दळावा लागतो. सहावीतल्या त्या मुलाला गिरणी आठवली, ती उगीच नाही.

या पिठापैकी बहुतेक भाग जाडसर असतो आणि लगेच खाली बसतो. समजा, हजारांतला एकच भाग अतिशय बारीक आहे आणि हवेत मिसळला. म्हणजे ४०० ग्रॅम. समजा, दगडात चौथा भाग क्वार्ट्झ आहे. क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी, सिलिकाचे स्फटिक. तेव्हा हवेत १०० ग्रॅम बारीक क्वार्ट्झ गेले. अमेरिकेत २०१६ मध्ये ठरलेल्या नियमाप्रमाणे कामाच्या पूर्ण पाळीच्या सरासरीने एक घनमीटर हवेत अशा श्वासावाटे आत जाणाऱ्या सिलिकाचे प्रमाण ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. १०० ग्रॅम म्हणजे दहा कोटी मायक्रोग्रॅम. ते त्या मर्यादेइतके विरळ करायला वीस लाख घनमीटर हवा लागेल. आपल्या बोगद्यात तेवढी हवा मावायला तो १६० किलोमीटर लांब असावा लागेल, म्हणजे मुंबई ते पुणे या रस्त्याहूनही लांब!

यातले आकडे गणितासाठी धरलेले आहेत. प्रत्यक्षात ते कमीजास्त होतील. पण निष्कर्ष बदलत नाही. एकदा हवेत गेलेली धूळ केवळ पंख्याने विरळ करू म्हटले तर ते फार अवघड आहे. ती हवेत जाऊच नये, अशी व्यवस्था पाहिजे.

हवेत तरंगणारा कण

मोठी धूळ दिसते, कपड्यांवर बसते, शिंका आणते. ती त्रासदायक असते, पण नाकातले केस आणि घशातला चिकट स्राव तिला बऱ्याच अंशी अडवतात. खरा घातक कण दिसतच नाही. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. शंभर मायक्रॉनचा वाळूचा कण तोंडाच्या उंचीवरून जमिनीवर पडायला दोन-तीन सेकंद लागतात. एक मायक्रॉनच्या कणाला स्थिर हवेत तेवढेच अंतर पडायला जवळजवळ पाच तास लागतात. हवा जरा हलली तर त्याहूनही जास्त. म्हणजे ड्रिल थांबले, धूळ "बसली" असे डोळ्यांना वाटले, तरी माणूस ती श्वासाबरोबर आत घेतच असतो.

हे कण फुप्फुसांतल्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तिथे शरीराच्या भक्षक पेशी त्यांना जंतू समजून गिळतात. जंतू पचतो, क्वार्ट्झ पचत नाही. पेशी मरते, तिच्यातली रसायने आसपास पसरतात आणि कण पुन्हा मोकळा होतो. मग दुसरी पेशी त्याला गिळते. असे वर्षानुवर्षे चालते. तिथल्या मऊ, लवचिक भागाच्या जागी तंतुमय व्रण तयार होतात आणि फुप्फुस हळूहळू ताठ होत जाते. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो बहुधा दहा किंवा अधिक वर्षांनी जाणवतो. धूळ फारच दाट असेल, तर काही महिन्यांतही जीव घेऊ शकतो. तो बरा करणारे औषध आजही नाही. काम सोडले तरी तो वाढू शकतो. अशा फुप्फुसात क्षयाचे जंतू सहज घर करतात. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अशा स्फटिकी सिलिकाची धूळ माणसात कर्करोग उत्पन्न करते असेही जाहीर केले.

सुरुंगाचा अपघात झाला तर कारण आणि परिणाम एकाच क्षणी, एकाच जागी दिसतात. म्हणून सुरुंगासाठी भोंगा आहे, लाल निशाण आहे, परवाना असलेला माणूस आहे, प्रत्येक डिटोनेटरची नोंद आहे. धुळीच्या बाबतीत कारण आज बोगद्यात असते आणि परिणाम पंधरा वर्षांनी शेकडो किलोमीटरवरच्या एखाद्या गावी दिसतो. तेव्हा बोगदा पुरा झालेला असतो, मुकादम बदललेला असतो आणि गावच्या डॉक्टरला तो क्षयच वाटतो. जवळचे कारण कोणालाही दिसते. दूरचे कारण पाहण्यासाठी विज्ञान लागते, आणि ते वापरायचे की नाही हे आपल्या हातात असते.

उपाय माहीत होता

धुळीचा हा परिणाम नवा सापडलेला नाही. १५५६ साली प्रसिद्ध झालेल्या खाणकामावरच्या आपल्या ग्रंथात अ‍ॅग्रिकोला या विद्वानाने कार्पेथियन पर्वतातल्या खाणींविषयी लिहिले आहे. तिथल्या काही बायकांना एकामागून एक सात नवरे करावे लागले, इतक्या लवकर खाणीतली धूळ पुरुषांना मारत असे.

उपायही जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात लेनर नावाच्या यंत्रज्ञाने नव्या प्रकारचे ड्रिल तयार केले. त्याची सळई पोकळ होती. भोकातले पीठ बाहेर काढण्यासाठी त्याने आधी तिच्यातून दाबाची हवा सोडली. भोक झटपट पडू लागले, पण धुळीचे लोट उठून माणसांना उभे राहणे कठीण झाले. मग त्याने हवेबरोबर पाणीही सोडले. पीठाचा चिखल झाला आणि तो भोकातून ओघळून खाली आला. कोरड्या ड्रिलांना खाणमजुरांनी "विधवा करणारे यंत्र" असे नाव दिले होते. त्यावरचा उतारा म्हणजे एक पोकळ सळई आणि थोडे पाणी.

तरीही १९३० मध्ये काय झाले ते पाहा. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात हॉक्स नेस्ट नावाच्या ठिकाणी न्यू रिव्हर नदीचे पाणी डोंगराखालून वीजकेंद्राकडे नेण्यासाठी सुमारे पाच किलोमीटरचा बोगदा काढायला घेतला. हा पिण्याच्या पाण्याचा बोगदा नव्हता, पण खणण्याची रीत तीच होती. कातळात सिलिकाचे प्रमाण अतिशय जास्त होते. बोगद्याच्या आत सुमारे तीन हजार मजुरांनी काम केले. त्यांतले बहुसंख्य काळे मजूर होते. महामंदीच्या दिवसांत दक्षिणेकडून कामाच्या शोधात आलेले होते. कोरडे ड्रिल वेगाने चालते म्हणून बरेचसे काम कोरडेच केले गेले. आत पाहणीला येणारे अधिकारी तोंडाला मास्क बांधत, मजुरांना ते मिळत नसत, अशा साक्षी पुढे झाल्या. १९३६ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे चौकशी झाली, तेव्हा मृतांची संख्या ४७६ सांगण्यात आली. पुढे मार्टिन चेर्निअक या डॉक्टरांनी जुनी कागदपत्रे तपासून १९८६ मध्ये पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी ही संख्या ७६४ च्या आसपास असावी, असा अंदाज दिला.

विद्यार्थी मित्रहो, या गोष्टीतला विरोधाभास लक्षात घ्या. बोगदा पाण्यासाठी होता. नदी शेजारून वाहत होती. उपाय तीसहून अधिक वर्षे माहीत होता. माणसे मेली ती ज्ञान नव्हते म्हणून नव्हे. माहीत असलेली गोष्ट करायची नाही, असे कोणीतरी ठरवले म्हणून मेली.

काही आक्षेप

यावर काही जाणकार आक्षेप घेतात. ते प्रामाणिकपणे तपासले पाहिजेत.

पहिला आक्षेप असा, की पाण्याने चिखल होतो, काम मंदावते, खर्च वाढतो. आपण पुन्हा गणित करू. समजा, मिनिटाला पाव मीटर भोक पडते. १२५ मीटरांना सगळ्या ड्रिलांची मिळून ५०० मिनिटे लागली. मिनिटाला चार लिटर पाणी धरले, तर एका फेरीला २,००० लिटर, म्हणजे दोन घनमीटर पाणी लागेल. आता हाच बोगदा पुरा झाला आणि त्यातून सेकंदाला एक मीटर वेगाने पाणी वाहू लागले, तर सेकंदाला साडेबारा घनमीटर पाणी जाईल. म्हणजे एका फेरीची धूळ मारायला लागणारे सारे पाणी त्या बोगद्यातून सेकंदाच्या सहाव्या भागात वाहून जाते. शहराला पिढ्यान्‌पिढ्या पाणी पुरवणाऱ्या बोगद्याने तो खणणाऱ्या माणसाला एवढे पाणी उसने देऊ नये काय?

दुसरा आक्षेप असा, की आता बोगदा कोरणारी अजस्र यंत्रे आली, सुरुंगांचे दिवस संपले. हे अर्धेच खरे आहे. न्यूयॉर्कला पाणी देणाऱ्या, सुमारे १३७ किलोमीटर लांबीच्या डेलावेअर जलवाहिनीला गळती लागली, म्हणून तिला वळसा घालणाऱ्या सुमारे चार किलोमीटरच्या बोगद्याचे काम २०१३ मध्ये सुरू झाले. तो बोगदा यंत्राने कोरला आणि ते कोरकाम २०१९ मध्ये पुरे झाले. पण ते यंत्र खाली उतरवायला आधी खोल शाफ्ट हवे होते आणि ते सुरुंगांनीच खणावे लागले. आखूड बोगदे, वळणे, मोठी दालने आणि शाफ्ट यांसाठी सुरुंगाची रीत अजून सोयीची ठरते. शिवाय कोरणारे यंत्रही दगडाची धूळ करतेच. त्याच्या तोंडाशीही पाण्याचे फवारे लागतात.

तिसरा आक्षेप आपल्याकडचा आणि शास्त्रीय आहे. महाराष्ट्राचा मोठा भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. बेसाल्टमध्ये सिलिका सुमारे निम्मी असते, पण ती इतर मूलद्रव्यांशी संयुग होऊन बसलेली असते. मोकळे क्वार्ट्झ त्यात फारच थोडे असते. म्हणून बेसाल्टची धूळ ग्रॅनाइट किंवा वाळूच्या दगडाच्या धुळीइतकी घातक नसते. हे खरे आहे आणि ते सांगितलेच पाहिजे. पण बेसाल्टच्या पोकळ्यांत गारगोटी आणि अकीक सापडतात, हे आपल्या शाळेच्या दगडसंग्रहातही दिसेल. दुसरे म्हणजे, ड्रिलवाला माणूस एका खडकाशी बांधलेला नसतो. आज तो सह्याद्रीत असतो, उद्या हिमालयात किंवा दक्षिणेच्या ग्रॅनाइटमध्ये. खडक बदलतात, फुप्फुसे तीच राहतात.

चौथा आक्षेप असा, की मास्क दिला म्हणजे झाले. मास्क हवाच, आणि तोही बारीक कण अडवणारा. पण तो शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. उकाड्यात, ओल्यात, आठ-आठ तास जड ड्रिल धरून काम करणारा माणूस तो सतत घट्ट बांधून ठेवील, ही अपेक्षा वातानुकूलित खोलीत बसून करणे सोपे आहे. धूळ उगमाशीच पाण्याने मारायची, राडारोडा भरण्याआधी त्यावर पाणी मारायचे, मग पंख्याने हवा बदलायची आणि त्यानंतरही उरलेल्या धुळीसाठी मास्क वापरायचा, हा क्रम आहे. तो उलटा केला की जबाबदारी ठेकेदाराच्या अंगावरून कामगाराच्या नाकावर येते.

मग काय करावे?

आपल्या देशात १९४८ च्या कारखाने कायद्यातच सिलिकोसिसचे नाव कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत आले. म्हणजे कायद्याला हा रोग कधीच ओळखीचा झालेला आहे. माझ्या मते पुढल्या तीन गोष्टी व्हायला हव्यात.

बोगद्याच्या कामावर फलक असतो. त्यावर लांबी, व्यास, खर्च आणि रोज किती दशलक्ष लिटर पाणी मिळणार हे लिहिलेले असते. त्याच फलकावर बोगद्याच्या हवेतल्या धुळीचे या आठवड्याचे मोजमाप लिहावे. जे रोज सर्वांना दिसते, ते लपवणे कठीण जाते.

कामगाराची छाती कामाच्या आधी आणि नंतर ठरावीक काळाने क्ष-किरणांनी तपासावी. तो कागद ठेकेदाराच्या कपाटात न राहता कामगाराच्या हातात असावा. तो काम सोडून दुसरीकडे गेला की कागदही त्याच्याबरोबर जाईल. पंधरा वर्षांनी गावच्या डॉक्टरला तो किती उपयोगी पडेल, याचा विचार करा.

तिसरी गोष्ट शाळेची आहे. बोगद्यांवरच्या धड्यात सुरुंग, यंत्रे आणि आकडे असतात. त्यात धुळीवर एक परिच्छेद असावा. आजचे विद्यार्थी उद्या इंजिनिअर, ठेकेदार, डॉक्टर आणि नगरसेवक होणार आहेत. त्यांनी विद्यार्थिदशेत विचारलेला प्रश्न पुढे त्यांच्या कामातही राहतो.

शिक्षकांना वर्गातच एक प्रयोग करता येईल. सकाळी खिडकीतून उन्हाचा कवडसा येतो, तेव्हा फळ्यावर भरपूर लिहावे आणि कोरड्या डस्टरने पुसावे. कवडशात उडणारे कण मुलांना दिसतील. काही मिनिटांनी पुन्हा पाहावे, बरेच कण अजून तरंगतच असतील. मग तेवढेच लिहून या वेळी ओल्या फडक्याने पुसावे. कवडसा जवळजवळ स्वच्छ राहील. खडूची धूळ गारगोटीच्या धुळीसारखी घातक नसते, हे मुलांना आवर्जून सांगावे. पण कोरडे आणि ओले यांतला फरक डोळ्यांनी दिसला की पोकळ सळईतून पाणी कशासाठी सोडतात, हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आणि पुढच्या वेळी एखाद्या शाळेची सहल बोगद्याचे काम पाहायला गेली, तर मुलांनी सुरुंगाच्या आवाजाला टाळ्या जरूर वाजवाव्यात. मात्र त्यानंतर वर आलेल्या कामगारांच्या भुवयांकडेही पाहावे. त्या पांढऱ्या दिसल्या, तर तिथल्या साहेबांना एवढेच विचारावे: "तुमचे ड्रिल कोरडे चालते की ओले?" आणि विचारणाऱ्या मुलाला बाईंनी गप्प करू नये.